काचेची घरगुती भट्टी

दिल्लीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवरील फिरोजाबादेत काचेच्या भट्ट्या पूर्वी कोळशावर चालत. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निर्णयानंतर त्या नैसर्गिक वायूवर आल्या. दिल्ली परिसरातील उद्योगांनाही, वीजकेंद्रे वगळता, २०२३ पासून कोळसा वर्ज्य आहे. त्यामुळे घरी भट्टी घालू इच्छिणाऱ्याला वायूचाच हिशेब मांडावा लागतो. आणि भट्टी बांधण्यापेक्षा ती पेटती ठेवण्यातच खर्च अधिक होतो. काच वितळवण्याची मूस वारंवार थंड झाल्यास तडकते, म्हणून वायू रात्रीही जळत राहतो. मूस लहान आणि तिच्याभोवती उष्णता कोंडून धरणाऱ्या विटांचे जाड अस्तर, ही खरी काटकसर. वाळूपेक्षा फुटकी काच कमी उष्णतेवर वितळते. मात्र ती एकाच जातीची हवी. बंद खोलीत विषारी वायू साठतो, तेव्हा जागा मोकळ्या हवेचीच असावी.

नवशिका काटकसर करतो ती नेमकी नको तेथे. फुंकलेल्या पेल्याचा पृष्ठभाग आधी निवतो, आतील भाग मागाहून आकसतो आणि काचेत ताण राहतो. असा पेला दिसतो सुबक, पण दुसऱ्या दिवशी कोणी हात न लावताही फुटतो. म्हणून तो सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या वेगळ्या भट्टीत लगेच ठेवून रात्रभर हळूहळू थंड करतात.