फिल्म नाही, डिजिटलही नाही

फिल्मच्या कॅमेऱ्यानंतर थेट डिजिटल कॅमेरा आला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मध्ये एक टप्पा होता. त्यातले कॅमेरे इलेक्ट्रॉनिक होते, पण डिजिटल नव्हते. जपानच्या निकॉन कंपनीच्या इतिहासात तो टप्पा फार स्वच्छ दिसतो.

सोनीने 1981 मध्ये ‘माव्हिका’चा नमुना दाखवला आणि फिल्मविना छायाचित्राची कल्पना सगळ्यांसमोर आली. निकॉनने आपला नमुना 1986 मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या ‘फोटोकिना’ प्रदर्शनात मांडला. ‘एसव्हीसी’ नावाच्या त्या कॅमेऱ्यात 3 लाख पिक्सेलचा सीसीडी होता. तो विक्रीला आलाच नाही. त्याच्या अनुभवावर 1988 मध्ये वृत्तछायाचित्रकारांसाठी ‘क्यूव्ही-1000सी’ तयार झाला.

सीसीडीवर प्रकाश पडला की प्रत्येक पिक्सेलमध्ये विद्युतभार साठतो. प्रकाश जितका जास्त, तितका भार जास्त. इथपर्यंत आजच्यासारखंच. पण आजचा कॅमेरा हा भार मोजून त्याचा आकडा नोंदवतो, तर क्यूव्ही आकडा करतच नसे. भारातले चढउतार तो सलग व्हिडिओ संदेशाच्या रूपात 2 इंची चुंबकीय फ्लॉपीवर उतरवत असे. ही फ्लॉपी मिनिटाला 3600 फेरे घेई, म्हणजे सेकंदाला 60. ही गती टीव्हीवरून आलेली. जपान आणि अमेरिकेच्या तेव्हाच्या टीव्हीवर सेकंदाला 60 अर्धचित्रं उमटत. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. फ्लॉपीच्या एका फेऱ्यात एक अर्धचित्र नोंदलं जाई. तिच्यावर 50 वर्तुळाकार मार्गिका असत, त्यामुळे 50 अर्धी किंवा 25 पूर्ण चित्रं मावत.

खरी अडचण इथेच होती. पिक्सेल कितीही वाढवले, तरी चित्र टीव्हीच्या सुमारे 480 ओळींत कोंबावं लागे. शिवाय अशा संदेशाची प्रत काढली की दर वेळी थोडा गोंगाट मिसळतो. आकड्यांची प्रत मात्र मुळाइतकीच शुद्ध राहते.

निकॉनने क्यूव्ही कृष्णधवल ठेवला. हा निर्णय मला फार समंजस वाटतो. रंगासाठी पिक्सेलवर रंगीत गाळण्या बसवल्या की बारकावे हरवतात, आणि वृत्तपत्रं तेव्हा बहुतांशी कृष्णधवलच छापली जात. 3 लाख 80 हजार पिक्सेलमधून मिळेल तेवढा तपशील त्यांनी पदरात पाडून घेतला. फिल्म धुण्याचा वेळ वाचे आणि जोडीच्या ट्रान्समीटरने चित्र टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत पाठवता येई.

भिंगांचा प्रश्न जास्त अवघड होता. फिल्मची चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची, तर हा सीसीडी जेमतेम 8.8 बाय 6.6 मिलिमीटरचा, क्षेत्रफळ सुमारे पंधरावा हिस्सा. निकॉनची नेहमीची भिंगं अडॅप्टर लावून बसत, पण 50 मिमीचं भिंग 200 मिमीसारखं लांबचं दाखवू लागे. रुंद दृश्य हवं, तर 10-40 मिमीचं खास भिंग घ्यावं लागे. अवघे 180 च्या आसपास कॅमेरे विकले गेले, तेही मुख्यतः अमेरिकेत.

पुढचं पाऊल अवकाशात पडलं. सप्टेंबर 1991 मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानाच्या एसटीएस-48 मोहिमेवर नासाने निकॉन एफ4 च्या सांगाड्यावर बेतलेला डिजिटल कॅमेरा पाठवला. तोही कृष्णधवलच, पण 1024 बाय 1024 पिक्सेलचा. आता चित्र आकड्यांत होतं आणि टीव्हीच्या ओळींचं बंधन सुटलं होतं.

छोट्या सीसीडीचा पेच मात्र 1995 मध्येही टिकून होता. फुजीबरोबर बनवलेल्या ‘ई2’ मध्ये भिंगाने पाडलेली पूर्ण चौकट आतल्या जादा भिंगांनी लहान करून सीसीडीवर टाकली होती. दृश्याचा कोन वाचला, पण कॅमेरा चांगलाच बोजड झाला. 1999 च्या ‘डी1’ मध्ये 23.7 बाय 15.6 मिलिमीटरचा, 27 लाख पिक्सेलचा सीसीडी आला आणि ती आतली भिंगं काढून टाकता आली. ‘डी1’ला वृत्तछायाचित्रकारांनी उचलून धरलं. व्यापाराच्या हिशेबात क्यूव्ही पडला हे खरं; पण भिंग, सीसीडी आणि बातमीची घाई यांचा मेळ घालण्याचा निकॉनचा पहिला गंभीर प्रयत्न तोच होता, आणि कॅमेऱ्याच्या इतिहासात त्याची नोंद ‘डी1’च्या आधी व्हायला हवी.