देवराईची पायवाट आणि शेतकरी

पाऊस ओसरून भाताच्या लोंब्या पिवळ्या पडूं लागल्या, कीं मुळशी, मावळ, भोर व आंबेगांव ह्या तालुक्यांतील डोंगरवाटांवर पुणें शहराकडील मंडळी पायीं हिंडावयास येऊं लागतात. कोणास किल्ला पाहावयाचा असतो, तर कोणास जुनें रान. ह्या मंडळींची वाट पुष्कळदां कोणा शेतकऱ्याच्या बांधावरून जाते, आणि ती ज्या दाट झाडींत शिरते ती झाडी बहुधा गांवच्या देवाची राई असते. बांध ज्याचा, त्याच्या मनांत साहजिकच प्रश्न उभा राहतो कीं, ही वाट मोकळी ठेवावी कीं कुंपण घालून बंद करावी? ह्या प्रश्नाचा विचार शेतकऱ्याच्या हिताच्या दृष्टीनें आम्ही येथें करणार आहों. आमचें मत आरंभींच सांगतों: वाट बंद करूं नये, आणि ती रुंदहि होऊं देऊं नये.

देवराई म्हणजे काय

घाटमाथ्यावरील व कोंकणांतील पुष्कळ जुन्या गांवांस देवाच्या नांवानें राखलेला रानाचा एक तुकडा असतो. कोठें तो कांहीं गुंठ्यांचा असतो, कोठें कित्येक एकरांचा. काळकाई, वाघजाई, भैरोबा किंवा म्हसोबा असें एखादें दैवत आंत शेंदूर लावलेल्या शिळेच्या रूपानें असतें. नियम थोड्याफार फरकानें सर्वत्र एकच: राईंत कुऱ्हाड चालवावयाची नाहीं, वाळकी काटकीहि घरीं न्यावयाची नाहीं, पायांत वहाणा घालून आंत जावयाचें नाहीं, आणि अडचणीच्या वेळीं झाड लागलेंच, तर देवाचा कौल घेतल्यावांचून त्यास हात लावावयाचा नाहीं.

ह्या नियमांस कोणी भाबडेपणा म्हणेल; परंतु त्यांचें फळ डोळ्यांनीं पाहण्यासारखें आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ह्या संस्थेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक व परिस्थितिशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ ह्यांनीं सह्याद्रींतील देवरायांची पाहणी करून १९७६ सालीं त्यांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. भोंवतालचें रान तुटून गेलें असतांहि मूळची झाडी ह्या तुकड्यांतून टिकून राहिली आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, बेहडा, आंबा अशीं झाडें तेथें आपल्या पूर्ण वाढीस पोंचलेलीं दिसतात. मांडीएवढ्या जाडीचा गारंबीचा वेल झाडांवर चढलेला आढळला, व त्यास हात दोन हात लांबीच्या शेंगा लोंबत असल्या, तर ती राई फार जुनी समजावी. कारण असा वेल एका पिढींत वाढत नाहीं.

शेतकऱ्यास तिचा उपयोग

देवराई पुष्कळ ठिकाणीं ओढ्याच्या उगमाशीं असते. झाडांखालीं पिढ्यान्‌पिढ्या कुजलेल्या पाल्याचा थर साचलेला असतो. पावसाचा थेंब प्रथम पानांवर आपटतो, मग पाल्यावर पडतो, आणि जमिनींत मुरतो. उघड्या डोंगरावरून तेंच पाणी मातीसकट धांवत खालीं येतें व खाचरांचे बांध फोडतें. राईखालचा झरा होळीनंतरहि पाणी देत असेल, तर तें श्रेय ह्या पाल्याचें आहे. शिवाय राईंतील मधमाशा आंब्याच्या व भाजीपाल्याच्या फुलांवर येतात, आणि धनेशासारखे पक्षी फळें खाऊन दूरवर बिया टाकतात. त्या बियांचीं रोपें उजाड डोंगरासहि हळूहळू झांकूं शकतात.

वाट अरुंद कां असावी

जुन्या लोकांनीं राईंतून जी वाट ठेवली ती एका माणसानें चालावें एवढीच. ह्यांत मोठें शहाणपण आहे. वाट अरुंद असली म्हणजे वर दोन्ही बाजूंच्या झाडांचे शेंडे एकमेकांस भिडलेले राहतात. खालीं सांवली व ओल टिकते. भीमाशंकरचें रान १९८५ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. तेथील शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा मानाचा प्राणी, जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीवरून फांदीवर उड्या मारीतच तो आपला सर्व व्यवहार करतो. कर्जत तालुक्यांतील खांडस गांवाहून शिडीघाटानें व गणेशघाटानें यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या भीमाशंकरास चढत आले, तरी अशा पायवाटेनें शेकरूचा मार्ग तुटत नाहीं. गाडीचा रुंद रस्ता काढला कीं तो तुटतो. उघड्या पडलेल्या कडांवर ऊन पोंचतें, आणि घाणेरी व रानमोडी हीं परकीं झुडपें तेथें शिरून मूळ झाडांच्या रोपांस वर येऊं देत नाहींत.

वाट रुंद होण्यास रस्ताच लागतो असें नाहीं. चिखल टाळण्यासाठीं प्रत्येक जण कडेनें पाऊल टाकतो. त्या पावलांखालीं रोपें चिरडतात, माती दाबली जाते, मुळें उघडीं पडतात, आणि पुढील पावसाळ्यांत त्याच दाबलेल्या पट्टींतून पाण्याचा ओहोळ वाहूं लागतो. ज्या शेतकऱ्यानें आपल्या शेतांतील घळ बुजविली आहे, त्यास हें अधिक समजावून सांगणें नको.

विलायतेंतील व्यवस्था

इंग्लंडांत इ. स. १६०० पासून जेथें अखंड झाडी आहे असें मानलें जातें, त्या जमिनीस प्राचीन रान म्हणतात. अशा रानांतून व भोंवतालच्या शेतांतून जाणाऱ्या पायवाटांवर तेथील लोकांचा हक्क कायद्यानें मान्य केलेला आहे. तो सहज मिळालेला नाहीं. १९३२ सालीं किंडर स्काउट नांवाच्या डोंगरावर जमीनमालकांची बंदी मोडून शेंकडों लोक चढले व त्यांपैकीं कांहींस तुरुंगवास भोगावा लागला. पुढें १९४९ च्या कायद्यानें सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याचें ठरलें. शेतकऱ्याच्या सोयीकडेहि तेथें पाहिलें जातें. शेताच्या मधून जाणारी वाट त्यास पेरणीसाठीं नांगरतां येते. मात्र चौदा दिवसांच्या आंत निदान एक मीटर रुंदीची वाट पुन्हां चालण्याजोगी करून द्यावी लागते. बांधालगतची वाट नांगरण्यास मनाई आहे. उलट चालणाऱ्यानेंहि वाट सोडून पिकांत शिरतां कामा नये. वसंत ऋतूंत तेथील जुन्या रानांत निळ्या ब्लूबेल फुलांचा गालिचा पसरतो. तीं पानें एकदां तुडवलीं गेलीं तर सांवरण्यास वर्षें लागतात, म्हणून तेथेंहि ‘वाटेवरूनच चाला’ हीच शिकवण आहे.

आपल्याकडील कायदा

आपल्याकडे हौसेनें हिंडणाऱ्यास असा सर्वसाधारण हक्क नाहीं. तो शेतकऱ्याच्या संमतीनें चालतो, हें त्यानें विसरूं नये. परंतु शेतकऱ्याच्या स्वतःच्या वहिवाटीस मात्र आधार आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ ह्याच्या कलम ५ अन्वयें तहसीलदारास ती मोकळी करून देतां येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल झाला पाहिजे. शेतास वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ह्याच्या कलम १४३ खालीं दुसऱ्यांच्या बांधांवरून वाट मागतां येते. गांवनकाशावर पायवाट एका तुटक रेषेनें व गाडीवाट दोन तुटक रेषांनीं दाखविलेली असते. ती प्रत्येकानें एकदां तरी तपासून पाहावी.

ह्या सहा महिन्यांचें महत्त्व आमच्या पाहण्यांतील एका गोष्टीवरून कळेल. घाटाजवळच्या एका गांवीं वाटेलगतची जमीन विकली गेली व नव्या मालकानें तारेचें कुंपण घातलें. पलीकडे कांहींची खाचरें होतीं, झरा होता, आणि देवराई होती. ‘आज बोलूं, उद्यां बोलूं’ असें म्हणतां म्हणतां वर्ष उलटलें व मुदत टळली. गुरें लांबच्या वळशानें पाण्यास जाऊं लागलीं. राईकडे जाणें कमी झालें, वर्षाचा उत्सव ओस पडला, आणि जेथें कोणाचें पाऊल पडत नाहीं तेथें कोणाची नजरहि पोंचत नाहीं. एका पावसाळ्यांत तेथील तीन जुनीं झाडें नाहींशीं झालीं, तें गांवास महिन्यानंतर कळलें. वाट बंद करूं नये असें आम्ही म्हणतों तें ह्याचसाठीं. राईचा खरा राखणदार म्हणजे तिच्याकडे नित्य जाणारा माणूस.

काय करावें

१. दसऱ्यापूर्वीं गांवकऱ्यांनीं मिळून वाटेवरील पडलेल्या फांद्या बाजूस कराव्या. उभें झुडूप तोडूं नये.

२. उताराच्या वाटेवर ठिकठिकाणीं तिरके आडवे दगड बसवून पाणी कडेच्या झाडींत सोडावें. चिखलाच्या जागीं पाऊल टाकण्यापुरते सपाट दगड मांडावे, म्हणजे वाट रुंद होत नाहीं.

३. राईच्या तोंडाशीं गांवचे नियम लिहिलेला फलक लावावा; पाहुण्यांसहि वहाणा काढावयास व प्लॅस्टिक परत न्यावयास सांगावें.

४. देऊळ मोठें बांधण्यासाठीं किंवा त्याजपर्यंत गाडी नेण्यासाठीं झाडें तोडूं नयेत. शिळेवर उन्हापावसाचें छत्र झाडांनींच धरलेलें आहे.

५. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणें ग्रामपंचायतीची जी जैवविविधता समिति असते, तिच्या नोंदवहींत राई, झरा व पायवाट ह्या तिहींची नोंद करून घ्यावी.

६. जमीन विकतांना खरेदीखतांत वहिवाटीच्या वाटेचा स्पष्ट उल्लेख करावा.

ह्यांतील एकाहि कामास मोठा खर्च नाहीं. बांधाची डागडुजी आपण दरसाल करतों, कारण बांध गेला तर माती जाते हें आपणांस ठाऊक आहे. देवराईची पायवाट हा गांवाचाच एक बांध आहे. तिची डागडुजी ह्या वर्षींच्या कामांच्या यादींत आमच्या वाचकांनीं अवश्य लिहून ठेवावी.