प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे

चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, रात्री खोकल्याने झोप मोडते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. अशा बाईला आपल्या वस्तीत लगेच ‘दमेकरी’ ठरवले जाते. गावच्या दवाखान्यात सुई टोचली की दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. कोणी कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घ्यायला सांगतो. वर्षे निघून जातात, पण हा खरोखर दमाच आहे काय, हे कोणी विचारत नाही.

दमा येतो आणि जातो. धुळीने, थंडीने श्वासनळ्या आवळतात, औषधाने मोकळ्या होतात. मधल्या दिवसांत माणूस बहुधा ठणठणीत असतो. ज्याची धाप वर्षागणिक वाढतच जाते, त्याचे दुखणे दुसरे असू शकते.

चुलीचा धूर

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत आपल्या आया-आज्यांनी शेणी, काटक्या आणि उसाची चिपाडे जाळून जन्मभर स्वयंपाक केला. फुंकणी फुंकताना तो धूर छातीत गेला. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईच्याही श्वासनळ्या या धुराने कायमच्या अरुंद होतात. या रोगाला डॉक्टर ‘सीओपीडी’ म्हणतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडले, की धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा रोग होतो आणि चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे. त्याचे उपचार दम्याहून वेगळे आहेत, आणि धूर थांबल्याशिवाय औषधही पुरे पडत नाही.

कामाची धूळ

सूतगिरणीत कापसाच्या धुळीने छाती आवळते. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त होतो, ही त्याची खूण. साखर कारखान्यात साठवून बुरशी आलेल्या चिपाडाच्या, म्हणजे बगॅसच्या, धुळीनेही ताप, कोरडा खोकला आणि धाप येते. कायद्याच्या यादीत हे दोन्ही व्यवसायजन्य रोग आहेत. कागदावर नुसते ‘दमा’ लिहिले गेले, तर भरपाईचा हक्क सांगणे अवघड होते.

हृदय, क्षय आणि शेंगदाणा

लहानपणी घसा व सांधे धरून ताप आलेल्या मुलीच्या हृदयाची झडप पुढे खराब होऊ शकते. आडवे पडताच धाप लागणे किंवा गरोदरपणात ती एकाएकी वाढणे, ही धोक्याची सूचना आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे. क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. आणि खेळते लेकरू शेंगदाणे खाताना ठसकून अचानक घरघरू लागले, तर दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. तेव्हा घरी थांबू नये.

काय करावे?

फुंकून करायची एक साधी तपासणी असते, स्पायरोमेट्री. औषध घेण्याआधी आणि घेतल्यावर यंत्रात फुंकायला लावतात. श्वासनळ्या किती मोकळ्या झाल्या त्यावरून दमा ओळखायला मदत होते. जोडीला छातीचा एक्स-रे आणि गरज पडल्यास हृदयाची तपासणी. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे जाऊन दाखवावे. मात्र चालू असलेला पंप वा गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आणि भगिनींनो, डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘मला दमा आहे’ एवढेच सांगू नका. किती वर्षे चूल फुंकली, कोणत्या खात्यात राबलात, धाप केव्हा लागते, हे न लाजता सांगा. खरा रोग सापडायची सुरुवात तिथूनच होते.