जुन्या हिशेबांसाठी जुने यंत्र

लाल बासनातील वही पन्नास वर्षांनी उघडली तरी ती वाचावयास मोडी किंवा महाजनी जाणणारा एखादा वृद्ध मुनीम पुरेसा होतो. संगणकातील वहीचे तसे नाही. १९९० नंतरच्या दशकात ज्या पेढ्यांनी डॉसवर चालणारे हिशेबाचे कार्यक्रम स्वीकारले, त्यांच्या कीर्द-खतावण्या वाचण्यास तो कार्यक्रम लागतो, कार्यक्रमास त्याची चालनप्रणाली लागते, आणि प्रणालीस तिच्या काळाचे यंत्र लागते. या साखळीतील एक कडी तुटली की, भागीदारीच्या वाटणीच्या वेळी अथवा एखाद्या जुन्या येण्याचा वाद उपस्थित झाला असता, आपलेच हिशेब आपणांस परके होतात.

अशा कामी विंडोज ९८ ही प्रणाली अद्यापि उपयोगी पडते. ती २५ जून १९९८ रोजी बाजारात आली, १९९९ साली तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली, आणि ११ जुलै २००६ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबविली. तिची उभारणी डॉसच्या पायावर असल्यामुळे तीतून शुद्ध डॉसमध्येही उतरता येते. उलट, आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे जुने कार्यक्रम मुळीच चालत नाहीत. यंत्र निवडताना दुसरीच आवृत्ती योजावी. पहिलीचा आग्रह धरण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

व्यापाऱ्याची सहजप्रवृत्ती अशी की, त्याच किमतीत अधिक वेगाचा माल मिळत असेल तर तो घ्यावा. येथे ती बाधक ठरते. यंत्राच्या प्रत्येक अवयवास प्रणालीशी बोलण्यासाठी ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो, आणि चित्रपट्टिका बनविणाऱ्या मोठ्या कारखान्यांनी विंडोज ९८ साठी तो देणे २००६ च्या सुमारास बंद केले. अतिवेगाचाही उपद्रव होतो. टर्बो पास्कलमध्ये रचलेले कित्येक डॉस कार्यक्रम सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढील प्रोसेसरवर आरंभीच ‘त्रुटी २००’ दाखवून बंद पडतात. कारण यंत्राचा वेग मोजताना त्यांच्या भागाकारात येणारी संख्या मर्यादेबाहेर जाते. यास्तव कार्यक्रम कोणता, हे प्रथम पाहावे. यंत्राचा विचार मागाहून.

आमच्या मते इंटेलच्या ४४०बीएक्स संचावर बांधलेला मदरबोर्ड हा सर्वांत निर्धोक होय. १९९८ चा हा संच पेंटियम २ व ३ साठी निघाला. विंडोज ९८ शी त्याचे उत्तम जमते, आणि त्यावरील पुष्कळ बोर्डांवर जुन्या आयएसए पट्टिकांसाठीही खाच असते. समांतर पोर्ट बोर्डावरच असावे, याकडे मात्र कटाक्षाने लक्ष द्यावे. डॉट मॅट्रिक्स छापयंत्र त्यावर चालते हे तर खरेच. परंतु अनेक हिशेबी कार्यक्रमांचे कुलूपही त्याच पोर्टात बसविलेले असे. ते बोटभर कुलूप जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेले असेल, तर उत्तम बोर्ड मिळूनही वही उघडणार नाही.

मेमरी २५६ मेगाबाइट पुरे. ५१२ च्या वर गेल्यास विंडोज ९८ ‘स्मृती अपुरी’ अशी तक्रार करू लागते. वस्तुतः स्मृती उदंड असते, ती तिला आवरत नाही एवढेच! हार्ड डिस्कच्या बाबतीत धोका अधिक गंभीर आहे. १३७ गिगाबाइटच्या पलीकडे या प्रणालीचा मूळ ड्रायव्हर गेला म्हणजे नवे लेखन डिस्कच्या आरंभीच्या भागावर येऊन जुना मजकूर नष्ट होतो. त्या काळच्या कित्येक बोर्डांस तर ३२ गिगाबाइटचीही डिस्क ओळखता येत नाही व ते सुरुवातीसच अडून बसतात. यावर साधा उपाय म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड अल्प किमतीच्या जोडणीपट्टीने डिस्कच्या जागी लावणे. ते आठ-सोळा गिगाबाइटचे घ्यावे. त्याला फिरणारे भाग नाहीत, आणि काढून आजच्या यंत्रात वाचताही येते.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, ‘चालू आहे’ या शब्दावर जुना बोर्ड घेऊ नये. प्रोसेसरभोवतालच्या लहान नळकांड्यांची, म्हणजे कपॅसिटरांची, माथी सपाट आहेत की फुगलेली, हे नीट निरखावे. २००० नंतरच्या काही वर्षांतील बोर्डांत सदोष कपॅसिटर फार आले. फुगलेले दिसले तर कसबी कारागीर ते बदलून देतो. पण त्याची मजुरी किमतीतून आधीच वजा करून बोलणी करावी. सीआर२०३२ बॅटरी नवी घालावी. वीजपुरवठ्याचा डबा पाहताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी : या काळचे बोर्ड प्रोसेसरसाठी बहुधा ५ व्होल्टच्या तारेवरून वीज घेतात, तर आजच्या डब्यांचे बळ १२ व्होल्टच्या तारेवर असते. म्हणून ५ व्होल्टवर किती अँपियर मिळतात, हे डब्यावरील पट्टीवर वाचून मगच तो घ्यावा.

आजच्या संगणकात जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी करणारे ८६बॉक्ससारखे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. केवळ आकडे पाहावयाचे असतील व कुलपाची अडचण नसेल, तर तोच मार्ग स्वस्त. कुलूप असल्यास मात्र खरे यंत्रच हवे. ते इंटरनेटला जोडू नये, आणि शक्य तर एकाच जातीचे दोन बोर्ड घेऊन ठेवावेत. हे सारे जमविण्यापूर्वी कोणत्याही डिस्कला हात लावावयाचा असेल, तर तो मूळ डिस्कची संपूर्ण नक्कल उतरवून घेण्यासाठीच. वीस वर्षे पडून राहिलेली डिस्क दुसऱ्यांदा फिरेल याचा भरवसा कोणी देत नाही.