इंजिन का ठोकते, काटा का उतरतो?

समजा, माणिकपूरमध्ये एका मालकाकडे जुना ट्रक आहे. पूर्वी तो अहमदाबाद महामार्गावर मालाची ने-आण करत असे. आता त्यावर पाण्याची टाकी बसवली आहे. सकाळी इंजिन सुरू केले की तेलाच्या दाबाचा काटा व्यवस्थित असतो. दोन खेपा होऊन इंजिन तापले आणि अंबाडी रोडच्या गर्दीत ते मंद गतीने चालू लागले की काटा जवळजवळ शून्यावर येतो. जोडीला इंजिनाच्या खालच्या बाजूने ‘ठक्-ठक्’ असा आवाज. एक जण सांगतो, “बेअरिंग गेलं, इंजिन खोला.” दुसरा म्हणतो, “जाड ऑइल टाका, वर्षभर काही होत नाही.” मालकाने कोणाचे ऐकावे? इंजिन खोलले तर ट्रक कित्येक दिवस उभा राहणार आणि खर्च मोठा. न खोलता चालवत राहिले आणि पहिला गृहस्थ खरा ठरला, तर एखादे दिवशी कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉकच फोडील.

या प्रश्नाचे उत्तर इंजिन न खोलताही बरेचसे मिळवता येते. त्यासाठी तो काटा नेमके काय दाखवतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

टाटांच्या ट्रकमधील ६९७ हे इंजिन अनेकांच्या परिचयाचे आहे. त्याला सहा सिलिंडर आहेत आणि एकूण आकारमान ५६७५ घनसेंटिमीटर. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस सेंटिमीटर. अशा डिझेल इंजिनात ज्वलनाच्या वेळी दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोच्या आसपास दाब निर्माण होतो. गुणाकार केला तर दट्ट्यावर पाच टनांहून जास्त भार येतो. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर हा तडाखा प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला वीस वेळा बसतो. दट्ट्याकडून तो कनेक्टिंग रॉडमार्गे क्रँकशाफ्टच्या पिनवर येतो. रॉडच्या खालच्या डोळ्यात बसवलेले बेअरिंग आणि ही पिन यांच्यामध्ये केसाच्या जाडीइतकी फट असते आणि त्या फटीत तेल.

आता पाहा, तेलाच्या पंपाचा दाब असतो दर चौरस सेंटिमीटरला फार तर चार-पाच किलो. पाच टनांचा भार तो उचलेल कसा? उत्तर असे की, पंप तो भार उचलतच नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या वरच्या बाजूला पाडलेल्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळू लागले. त्यांनी भोकाला बूच मारले, तर बूच बाहेर फेकले गेले. मग तेथे दाबमापक जोडला, तेव्हा काटा बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दुपटीच्याही पलीकडे गेला. फिरणारा आस चिकट तेलाला स्वतःबरोबर निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तेथे प्रचंड दाब तयार होतो. याचे गणित ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडले. ट्रकच्या क्रँकपिनवर हा दाब शेकडो किलोंपर्यंत जातो. आस तरंगतो तो स्वतःच्या फिरण्यामुळे. पंपाचे काम एवढेच, की फटीच्या कडांमधून गळून जाणाऱ्या तेलाची भरपाई करणे.

मग काट्यावर दिसणारा दाब कशाचा? पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल ढकलतो. ते बाहेर पडण्याला बेअरिंगच्या फटी जो अडथळा करतात, त्या अडथळ्याचा तो दाब. अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट ०.०६ मिलिमीटरची ०.०९ झाली, म्हणजे दीडपट झाली, तर गळती सुमारे ३.४ पट होते. दुप्पट झाली तर आठपट. तेल जितके पातळ तितकी गळती आणखी जास्त. एसएई ४० प्रतीच्या तेलाची चिकटता ४० अंश सेल्सियसला जेवढी असते, त्याच्या साधारण दहावा हिस्सा १०० अंशांना उरतो. म्हणून आपल्या ट्रकचा काटा सकाळी ठीक आणि दुपारी शून्याजवळ.

पंप मुळात गरजेपेक्षा जास्त तेल देण्याच्या क्षमतेचा असतो. जादा तेल एक झडप परत चेंबरमध्ये सोडते. त्यामुळे बेअरिंग झिजू लागले तरी काटा बराच काळ खाली येत नाही. फक्त झडपेतून परत जाणारे तेल कमी होते. ही शिल्लक सर्वांत आधी संपते ती तापलेल्या इंजिनाच्या मंद गतीला. तेव्हा दाब तपासायचा तो याच वेळी. थंड इंजिनाचा दाब पाहून ट्रक विकत घेणारे पुढे पस्तावतात, आणि विकणारा जाड तेल का टाकतो हेही आता लक्षात येईल. जाड तेलाने काटा चढतो, फट मात्र तेवढीच राहते. शिवाय थंड असताना ते तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. दुसऱ्या गृहस्थांचा सल्ला म्हणून धोक्याचा.

पण म्हणून पहिले गृहस्थ बरोबर, असेही लगेच म्हणता येत नाही. काटा स्वतःच खोटे बोलत असेल. इंजिनाला दुसरा, यांत्रिक दाबमापक जोडून प्रथम खात्री करावी. झडपेत कचरा अडकून ती उघडी राहिली असेल. पंपाची जाळी तुंबली असेल. किंवा तेलात डिझेल मिसळत असेल. हे शेवटचे कारण टँकरसारख्या, थोडे अंतर जाऊन फार वेळ मंद गतीने चालणाऱ्या गाडीत विशेष शक्य. त्याची खूण मोठी मजेदार आहे: ऑइलपट्टीवर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढते! वर्गात हे सहज दाखवता येईल. तिरक्या काचेवर एक थेंब शुद्ध इंजिन ऑइलचा आणि एक थेंब थोडे डिझेल मिसळलेल्या ऑइलचा सोडा, आणि खाली यायला किती वेळ लागतो ते मोजा.

आवाजाचेही तसेच. पाठ्यपुस्तकात ‘नॉकिंग’ म्हणून जे येते, ऑक्टेन अंक वगैरे, ते पेट्रोल इंजिनाचे. तेथे उरलेले मिश्रण ज्वलनाच्या शेवटी आपोआप पेटते. डिझेल इंजिनात ठोका ज्वलनाच्या सुरुवातीला बसतो: फवारलेले डिझेल पेटायला उशीर झाला, की साठलेले सगळे एकदम भडकते. डिझेल टपकणारे नोझल हे त्याचे नेहमीचे कारण. बेअरिंगचा ठोका याहून वेगळा. रॉड पिनवर कधी दाबला जातो, तर कधी ओढला जातो; दिशा बदलताना तो फट ओलांडून आदळतो. तेलाचा थर हा आघात शोषून घेतो, पण फट मोठी आणि तेल पातळ असेल तर शोषणार किती?

दोन्हींतला फरक कसा करावा? मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावतात. लॅनेक यांनी १८१६ साली कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली, त्याच जातीची ही युक्ती. आवाज क्रँकच्या निम्म्या गतीने आणि वरून येत असेल तर टॅपेट पाहावेत. मग एकेका सिलिंडरच्या नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट ढिला करून त्याचे ज्वलन थांबवतात. (डिझेलची धार कातडीत घुसू शकते, हे काम जाणकारानेच करावे.) एखाद्या सिलिंडरला ठोका थांबला किंवा बदलला, तर दोष तेथेच. पण नोझलचा की बेअरिंगचा? येथे मिस्त्री जे करतात ते मला फार आवडते. ते त्या सिलिंडरचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावतात. ठोका नोझलबरोबर सरकला, तर दोष नोझलचा. जागेवरच राहिला, तर खालचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे प्रयोगशाळेत शिकवायला आम्हाला वर्ष लागते.

ठोका जागेवर राहिला, दुसऱ्या मापकानेही दाब कमी दाखवला आणि तेल, झडप, जाळी ठीक निघाली, तर मात्र दोन्ही साक्षी एकाच फटीकडे बोट दाखवतात आणि ट्रक त्याच दिवशी उभा केला पाहिजे. चेंबर काढल्यावर रॉडच्या बेअरिंगची वरची वाटी पाहावी, कारण ज्वलनाचा भार तिच्यावर येतो. राखाडी थर जाऊन तांबूस रंग दिसत असेल तर ती झिजली. पिन मायक्रोमीटरने दोन काटकोनी दिशांनी मोजतात. मापे वेगळी आली तर पिन अंडाकृती झाली आहे, आणि नव्या वाट्या बसवून काही उपयोग नाही. क्रँक ग्राइंडिंगला पाठवून पिना ०.२५ मिलिमीटरने बारीक करतात व त्या मापाच्या वाट्या बसवतात. जोडणीनंतर चांगला मिस्त्री इंजिन लगेच सुरू करत नाही. डिझेल बंद ठेवून स्टार्टरने ते थोडे-थोडे फिरवतो, आणि तेलाचा काटा वर आलेला दिसला की मगच डिझेल सोडतो.