यकृताचे कलम धरले नाही तर

आंब्याचे कलम बांधले की ते धरले का, हे कळायला काही आठवडे जातात. यकृताच्या कलमाचा निकाल मात्र एक-दोन दिवसांत लागतो. (कलम हा मूळचा अरबी शब्द लेखणीलाही चालतो आणि झाडालाही, आज तो यकृताला लावतो.)

नवे यकृत रक्त मिळताच पित्त तयार करते, रक्त गोठवणारी द्रव्ये बनवते, साखर सांभाळते. शंभरातल्या मोजक्या रुग्णांत यातले काहीच सुरू होत नाही. पित्त पाण्यासारखे फिके येते, रक्तस्राव थांबत नाही, रुग्ण नीट शुद्धीवर येत नाही. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक मग एकच विचारतात, "डॉक्टरसाहेब, यावर इंजेक्शन नाही का?"

प्रश्न रास्त आहे. शरीराने परके यकृत नाकारले असेल तर औषध आहे. स्टिरॉइडचे मोठे डोस बहुधा लागू पडतात; पण तो प्रकार सहसा काही दिवसांनी दिसतो. रोहिणीत गुठळी असेल तर ती काढतात. यकृत पहिल्या क्षणापासूनच मुके असेल तर? तेव्हा इजा बहुधा आधीच झालेली असते. दात्याचे यकृत चरबीने भरलेले असते किंवा बर्फात फार वेळ राहिलेले असते.

1989 साली टोरांटोच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना प्रोस्टाग्लँडिन ई-वन शिरेतून दिले. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या या औषधाने काही यकृते जागी झाली. मोठी आशा वाटली! पण औषध न दिलेल्यांशी काटेकोर तुलना झालेली नव्हती. पुढे प्रत्यारोपणाच्या रुग्णांवर तशा चाचण्या झाल्या. कॉक्रेन संस्थेने 2011 मध्ये त्या एकत्र तपासल्या, तेव्हा मृत्यू कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मूत्रपिंडांना थोडा आधार मिळत असावा, इतकेच. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचे अ‍ॅसिटिलसिस्टीनही इथे भरवशाचे ठरलेले नाही.

म्हणजे औषधांनी मिळतो तो अवधी. रक्तातील घटक, ग्लुकोज, डायलिसिस यांवर रुग्णाला तगवायचे आणि दुसरे यकृत शोधायचे. महागडे इंजेक्शन सुचवले तर ते नेमके कशासाठी, हे नातेवाइकांनी जरूर विचारावे. त्यात संकोच कसला?

अशा रुग्णाला प्रतीक्षायादीत तातडीचे स्थान मिळते. आपल्या देशात बहुतेक यकृतदान जिवंत नातेवाईकच करतात. एकाने आपला हिस्सा दिला. दुसऱ्यांदा घरात कोण उरते? मग डोळे यादीकडे लागतात. ती यादी पुढे सरकते, ती दुसऱ्या कुठल्या तरी इस्पितळात, मेंदूमृत माणसाच्या घरच्यांनी रडता रडता होकार दिला तरच.