गोल्फ सिम्युलेटरचा पडदा निवडताना

गोल्फ सिम्युलेटरच्या, म्हणजे बंद खोलीत खऱ्या चेंडूने खेळण्याच्या संगणकीय व्यवस्थेच्या, पडद्याला चित्र दाखवण्याबरोबरच सुमारे ४६ ग्रॅमच्या चेंडूचा आघातही झेलावा लागत असल्याने, निवडीत कापडाची वीण निर्णायक ठरते. या पडद्याला घट्ट विणीचे, सपाट पृष्ठभागाचे पॉलिएस्टर लागते. विरळ वीण स्वस्त असली तरी तिच्यातून प्रकाश निसटून चित्र फिकट होते, तर बहुस्तरीय, म्हणजे थरांमध्ये मऊ तंतू असलेले कापड उसळी आणि आवाज दोन्ही कमी करते. १६:९ प्रमाणात ४ मीटर रुंदीला २.२५ मीटर उंची लागते. पडदा किंचित सैल बांधावा आणि मागे सुमारे ३० सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी.